किती आणि कोण

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आपण इतक्या वेळा वापरतो की तिच्यातलं गणित लक्षातच येत नाही. भात घरातल्या चार माणसांचा असो की लग्नाच्या पंगतीचा, शिजला की नाही हे बघायला दोन-चार शितंच दाबावी लागतात. पातेलं शंभरपट मोठं झालं म्हणून शंभरपट शितं दाबत बसावं लागत नाही. फक्त ती वरून, मधून, तळातून अशी सगळीकडून घ्यावी लागतात, कारण तळाला करपलेला भात वरच्या शितांवरून कळत नाही. नमुना-पाहणीच्या शास्त्राचा गाभा एवढाच आहे. आमच्या वऱ्हाडात ताटात भातापेक्षा भाकर जास्त, पण म्हण आमचीही आहे.

गेली काही वर्षं ही म्हण मला पुराच्या बातम्या वाचताना आठवते. जुलै २०२१ मध्ये मोर्णेला पूर आला आणि अकोल्याच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं. जुलै २०२३ मध्ये अतिवृष्टीनं सगळ्या पश्चिम विदर्भाला झोडपलं. बातम्यांत आकडे येतात: इतकी घरं पडली, इतके हेक्टर पीक गेलं. पाणी ओसरलं की तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला निघतात. पंचनामा गरजेचाच आहे, पण तो झालेल्या नुकसानीचा हिशोब असतो. आरोग्याचा हिशोब पुढच्या तीन दिवसांचा असतो. किती घरांत पिण्याचं पाणी नाही? किती घरांतल्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या वाहून गेल्या? जुलाब कुठे सुरू झालेत? किती घरांत अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे? जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला हे आज कळायला हवं. पंधरा दिवसांनी अचूक आकडा हाती आला, तर तोपर्यंत गॅस्ट्रोची साथ येऊन गेलेली असेल.

यावर जगभर वापरली जाणारी एक रीत आहे. पूरग्रस्त भागाचे वस्तीनुसार तुकडे पाडायचे. त्यातले ३० तुकडे निवडायचे. चिठ्ठी टाकूनच, पण जिथे घरं जास्त त्या तुकड्याला संधीही त्या प्रमाणात जास्त. मग प्रत्येक तुकड्यात ७ घरं, तीही आधी ठरवलेल्या नियमानं. झाली २१० घरं. दोघादोघांच्या टीम, छोटी प्रश्नावली, दोन-तीन दिवसांचं काम. ही ३० गुणिले ७ ची रचना जागतिक आरोग्य संघटनेनं लसीकरण किती मुलांपर्यंत पोचलं हे तपासायला वापरली. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळानं फ्लोरिडाचा दक्षिण भाग उद्ध्वस्त केला, तेव्हा तिच्यात थोडे बदल करून ती आपत्तीनंतरच्या पाहणीसाठी वापरली गेली. पुढे अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी संस्थेनं तिची पक्की पद्धत बसवली.

तिचं उत्तर साधारण दहा टक्क्यांच्या आगेमागे असतं. ‘४० टक्के घरांत पिण्याचं पाणी नाही’ असं निघालं, तर खरा आकडा ३० असेल किंवा ५० असेल. पण ३० असला तरी टँकर पाठवायचेत आणि ५० असला तरी पाठवायचेत. निर्णय बदलत नसेल, तर त्याहून बारीक आकड्यासाठी थांबून राहणं ही चैन आहे.

मला हे पटायला वेळ लागला नाही, कारण माझं कामच तसं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. रात्री दोन वाजता सर्व्हर बसला की कुणी कोट्यवधी ओळींचे लॉग वाचत नाही. थोडे नमुने उचलायचे, अंदाज बांधायचा, आधी आग विझवायची. अचूकतेचा आग्रह धरून आग वाढू देणाऱ्याला आमच्यात कुणी हुशार म्हणत नाही.

तरी या पद्धतीत एक नैतिक काटा आहे. तो मला माझ्या आत्यानं दाखवला.

माझी आत्या अकोला जिल्ह्यातल्या एका गावात आशा आहे. २०२३ च्या पावसानंतर कॉलेजच्या आम्ही काही मित्रांनी मदत करणाऱ्या एका गटासाठी मोबाइलवर भरायचा फॉर्म बनवला होता. तो मी तिला दाखवला. तिनं चष्मा वर करून सगळे प्रश्न वाचले आणि विचारलं, “एवढं सारं इचारून मंग तू त्याईले देशीन काय?”

मी तिला पद्धत समजावली. २१० घरांवरून अख्ख्या तालुक्याचा अंदाज येतो म्हटलं.

“माह्याकडं सव्वादोनशे घरं हायेत,” ती म्हणाली. “मले सारी ठाऊक हायेत. कोनाच्या घरी बाळंतीण हाये, कोनाचं पोट्टं कुपोषित हाये, कोन म्हातारा एकटा हाये. चिठ्ठी कायले टाकू?”

“आणि शेजारच्या तालुक्यातल्या ज्या गावात आशाची जागा रिकामी आहे, तिथलं?”

ती थोडा वेळ गप्प बसली. “त्या गावचं मले नाही सांगता येत,” म्हणाली.

त्या दिवशी आम्ही दोघांनी अर्धा-अर्धा प्रश्न विचारला होता असं मला वाटतं. माझा प्रश्न ‘किती?’ असा होता, तिचा ‘कोण?’ असा. दिसायला दोन्ही एकाच माहितीचे प्रश्न आहेत. पण त्यांचा माणसाशी असलेला संबंध वेगळा आहे.

१९७७ मध्ये जॉन टॉरेक नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं एक निबंध लिहिला होता. त्यातला प्रश्न असा: औषध एकच आहे, एका बाजूला ते सगळं लागणारा एक माणूस आहे आणि दुसऱ्या बाजूला थोडं थोडं लागणारे पाच. पाचांना वाचवणंच बरोबर, हे आपण संख्येच्या जोरावर म्हणू शकतो का? टॉरेकचं उत्तर ‘नाही’ असं होतं. त्याच्या मते दुःखाची बेरीज होत नाही. पाच जणांचं डोकं दुखत असेल, तर पाचपट दुखणारं डोकं कुठेच नसतं. प्रत्येकाला त्याचं त्याचंच दुखतं.

पुरात सापडलेल्या माणसाच्या बाजूनं बघितलं तर टॉरेक बरोबर आहे. ‘४० टक्के घरांत पाणी नाही’ हे दुःख कुणाच्याच घरात नसतं. घरात असते ती एक रिकामी गुंडी आणि तापलेलं एक मूल. पण टँकर वाटणाऱ्याच्या बाजूनं बघा. त्याच्याकडे वीस टँकर आहेत, गावं साठ आहेत. त्यानं बेरीज करायला नकार दिला, तर टँकर थांबत नाहीत. ते हायवेलगतच्या गावाला जातात, ज्या सरपंचाचा फोन लागतो त्याच्याकडे जातात, ज्या गावाचा व्हिडिओ व्हायरल झालाय तिथे जातात. आपत्तीनंतर एका गावात जुन्या कपड्यांचे ढीग पडतात आणि पाच किलोमीटर आतल्या गावात क्लोरीनची गोळी पोचत नाही, ते यामुळेच. ‘मोजत काय बसता, मदत करा’ हे वाक्य कानाला चांगलं लागतं, पण न मोजता केलेली मदत ज्याचा आवाज मोठा त्याला आधी मिळते. चिठ्ठी कुणाचा आवाज ऐकत नाही. म्हणून मला चिठ्ठी टाकणं हे न्यायाचं काम वाटतं.

आता ‘किती’ची मर्यादा बघू. आमच्या कामात सरासरीवर कुणी विश्वास ठेवत नाही. ॲप सरासरी अर्ध्या सेकंदात उघडतं, हे खरं असूनही शंभरातल्या एका माणसाला वीस सेकंद ताटकळावं लागत असेल, तर ते वेगळं मोजावं लागतं. पुरात जीव जातो तो बहुतेक वेळा या शेपटातल्या माणसाचा. समजा दर हजार घरांत एका घरात डायलिसिसचा पेशंट आहे. तालुक्यात ४० हजार घरं असतील, तर असे ४० पेशंट झाले. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणाऱ्या माणसाचे रस्ता बंद म्हणून लागोपाठ दोन-तीन वेळा चुकले, तर त्याच्या जिवावर बेततं. आता २१० घरांचा नमुना घ्या. त्यात असं एकही घर न सापडण्याची शक्यता जवळपास ८१ टक्के आहे. म्हणजे पाहणी प्रामाणिकपणे केली, नियम काटेकोर पाळले, तरी बहुतेक वेळा अहवालात ‘डायलिसिस: शून्य’ असंच येणार. हा पद्धतीचा दोष नाही. तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं. हे ४० जण शोधायला चिठ्ठी कामाची नाही, यादी लागते.

कोविडमध्येही हे दिसलं. मे-जून २०२० मध्ये आयसीएमआरनं देशभर रक्तचाचण्यांची पाहणी केली: २१ राज्यं, ७० जिल्हे, २८ हजार माणसं. महाराष्ट्रातले सहा जिल्हे होते: बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर, जळगाव. अमरावती-अकोला त्यात नव्हते. देशात संसर्ग कितपत पसरलाय, या प्रश्नाचं उत्तर त्या पाहणीनं नीट दिलं. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यातल्या पुढच्या लाटेची पहिली चाहूल लागली ती अमरावती, अकोला आणि यवतमाळमध्ये. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर बंद करावं लागलं. देशाचा आकडा ठाऊक असणं आणि आपल्या गल्लीत काय चाललंय ते ठाऊक असणं, यात एवढं अंतर असतं.

आणि ‘किती’ विचारायलासुद्धा प्रश्न तिथल्या मातीतला लागतो. बाहेरून आलेल्या प्रश्नावलीत एक प्रश्न हमखास असतो: ‘पाण्याचा पर्यायी स्रोत आहे का? विहीर, बोअर?’ अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात राहणारा माणूस यावर ‘आहे’ म्हणेल, आणि ते खरंच असेल. पण हा खारपाणपट्टा आहे. इथलं भूजल खारट आहे, पिण्याच्या कामाचं नाही. या पट्ट्यातल्या गावांतून किडनीच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकू येतात. म्हणून तर धरणातून पाणी आणून गावंच्या गावं जोडणाऱ्या नळयोजना इथे कराव्या लागल्या. पुरात त्या योजनेची पाइपलाइन फुटली, तर घराशेजारी विहीर असूनही माणूस तहानलेला राहतो. प्रश्नावलीत मात्र त्याच्या नावापुढे ‘पर्यायी स्रोत उपलब्ध’ अशी टिक पडते.

मेळघाटात अडचण आणखी वेगळी. धारणी आणि चिखलदरा तालुक्यातली काही गावं पावसाळ्यात तुटतात. चिठ्ठीत असं गाव निघालं आणि रस्ता बंद असेल, तर टीमला साहजिक मोह होतो: शेजारचं जाता येण्याजोगं गाव घेऊ, सात घरं तर हवीत. पण ज्या गावाला जाता येत नाही तिथेच गरज सगळ्यात जास्त असण्याची शक्यता आहे. गाव बदललं की करपलेला तळ सोडून वरची शितं दाबल्यासारखं होतं. ‘इथे पोचता आलं नाही’ असं अहवालात लिहिणं हेही एक उत्तर आहे, आणि बहुधा सगळ्यात महत्त्वाचं.

याच मेळघाटात ‘कोण’ या प्रश्नाचं चांगलं उदाहरणही आहे. आदिवासी भागात माहेरघर नावाची योजना चालते. दिवस भरत आलेल्या बाईला कळा सुरू व्हायच्या आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवायचं, म्हणजे नाल्याला पूर आला तरी ती अडकणार नाही. हे २१० घरांच्या पाहणीतून होऊ शकत नाही. त्यासाठी कुणाला तरी त्या बाईचं नाव, तिचा महिना आणि तिची भाषा ठाऊक असावी लागते. कोरकू बोलणारी आशा लागते.

आता आत्याच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. विचारून मग देणार काय? कुणाच्या पडलेल्या घरासमोर उभं राहून त्याला प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला कुठून येतो?

हा अधिकार गृहीत धरला तर काय होतं ते महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा रँडच्या प्लेग समितीनं सोल्जर घराघरांत घुसवले. रोगी शोधायचे, त्यांना वेगळं काढायचं. हेतू आरोग्याचाच होता. पण देवघरापर्यंत बूट गेले, बायकांची विटंबना झाल्याच्या तक्रारी झाल्या, आणि लोक रोगी लपवू लागले, मृत्यू लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातली एक छोटी गोष्ट महत्त्वाची वाटते: जबरदस्तीनं केलेली मोजणी खोटी निघते. घाबरलेलं घर खरं सांगत नाही. संमती हा सभ्यतेचा भाग आहेच, पण आकडा खरा येण्याची ती पहिली अटही आहे.

त्याच साथीत, त्याच पुण्याजवळ, यशवंतनं उघडलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची सेवा करत होत्या. तिथेच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांच्यासमोरचा प्रत्येक रोगी ‘कोण’ होता. सरकारी व्यवस्थेनं प्रत्येक माणसासाठी सावित्रीबाई व्हावं अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण जी व्यवस्था फक्त ‘किती’ विचारते आणि ‘कोण’च्या दारात कधीच थांबत नाही, तिला लोक दार उघडत नाहीत.

तर विचारण्याचा अधिकार येतो तो बांधिलकीतून, असं माझं मत आहे. तालुक्यात २१ हजार घरं असतील आणि नमुन्यात २१०, तर ज्या बाईला आपण विचारतो तिच्या उत्तरात शंभर घरं बोलत असतात. तिनं ही जबाबदारी मागितलेली नाही. चिठ्ठीनं ती तिच्या गळ्यात घातली. तिला हे सांगायला हवं: तुमच्यामुळे शंभर घरांचं पाणी ठरणार आहे, आणि सांगायचं नसेल तर तुम्ही नाही म्हणू शकता. मग तिच्या घरात पोराला जुलाब होत असतील, तर टीमनं टिक करून पुढच्या घराकडे वळायचं नाही. सीडीसीच्या पद्धतीत यासाठी वेगळा कागद असतो: तातडीची गरज दिसली की त्या घराचं नाव तिथल्या तिथे मदत करणाऱ्यांकडे जातं. अहवाल बनेल तेव्हा बनेल. शीत दाबून पाहिलं की त्या शिताचं काय होतं हे आपली म्हण विचारत नाही; माणसाच्या बाबतीत ते विचारावं लागतं.

ज्या प्रश्नाच्या उत्तरावर आपण काहीच करू शकत नाही, तो प्रश्न फॉर्ममध्ये ठेवणंही मला अनैतिक वाटतं. दुःखी माणसाचा वेळ घेऊन आपण आपला डेटाबेस भरतो. आणि निघालेलं उत्तर गावात परत जायला हवं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चार ओळी लिहिल्या तरी पुरे: तुमच्या तालुक्यातून हे समजलं, म्हणून हे पाठवतोय, हे पाठवता येत नाही.

यात आणखी एक माणूस आहे, जो विचारतो. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा ताप आणि ऑक्सिजन मोजत घरोघर आशाच फिरल्या, आणि जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी त्यांनाच संप करावा लागला. सरकारी कागदांत आशा अजूनही ‘स्वयंसेविका’ आहे. साधारण हजार लोकांमागे एक अशा या बायका राज्याची ‘कोण’ची यादी डोक्यात घेऊन फिरतात. ज्या ज्ञानावर पुरात माणसं वाचतात ते ज्ञान असलेल्या बाईला पगारावरची कर्मचारी न मानणं, हा अन्यायाचाच एक प्रकार आहे.

मी पद्धतीच्या बाजूनंच आहे. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात २१० घरांच्या पाहणीची तयारी असावी, चिठ्ठ्या टाकायला वस्त्यांची यादी पावसाळ्याआधी तयार असावी, खारपाणपट्ट्यासाठी ‘विहीर आहे का’ऐवजी ‘त्या विहिरीचं पाणी पिता का’ असा प्रश्न असावा. त्या पाहणीनं कोणत्या तालुक्याकडे किती टँकर वळवायचे ते ठरेल. टँकर गावात पोचल्यावर पहिली घागर कुणाच्या दारात जावी, हे मात्र आशाची वहीच सांगेल. जिथे आशाची जागा रिकामी आहे, तिथे ती भरणं हीसुद्धा आपत्तीची तयारी आहे.

आत्यानं आमच्या फॉर्ममधले निम्मे प्रश्न खोडले होते. प्रत्येक प्रश्नापाशी बोट ठेवून ती विचारायची, “याचं काय करशीन?” ज्याला आमच्याकडे उत्तर होतं तो राहिला. उरलेल्या फॉर्ममधला शेवटचा प्रश्न तिनं घातलेला आहे: ‘तुमच्या शेजारी असं कोणी आहे का, ज्याच्याकडे आम्ही आत्ताच जायला पाहिजे?’

सांख्यिकीच्या दृष्टीनं हा प्रश्न नियमात बसत नाही, कारण त्याचं उत्तर नमुन्याबाहेरच्या घराकडे नेतं. आम्ही तो टक्केवारीत धरत नाही. पण विचारतो.